कॉम्प्युटर ओरडतो तेव्हा



गेल्या दोन महिन्यांत तिघींनी मला जवळजवळ एकच गोष्ट सांगितली. एक स्तवनं डाउनलोड करत होती, दुसरी मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी चित्रं शोधत होती, तिसरी विजेच्या बिलाची पावती काढत होती. अचानक सगळी स्क्रीन लाल झाली. सायरन वाजायला लागला. एक बाई इंग्रजीत सांगायला लागली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, कॉम्प्युटर बंद करू नका, खाली दिलेल्या नंबरवर ताबडतोब फोन करा. पहिलीने सरळ भिंतीतला प्लग ओढला. दुसरीने खोलीचं दार लावून घेतलं आणि संध्याकाळी मुलगा येईपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. तिसरीने फोन केला.

तिसरीचं काय झालं ते पुढे सांगते. आधी माझं मत सांगून टाकते, कारण ते जरा वेगळं आहे. असं काही झालं की घरातले म्हणतात, "तुला कॉम्प्युटर कळत नाही, हात कशाला लावतेस?" मला वाटतं यात कॉम्प्युटर कळण्याचा भाग फार थोडा आहे. ही सगळी फसवणूक दोन गोष्टींवर चालते, घाईवर आणि लाजेवर. घाई ते लोक लावतात. लाज मात्र आपल्या घरातून येते.

ती लाल खिडकी म्हणजे काय ते आधी बघू. आपण एखादी साइट उघडतो म्हणजे त्या साइटला आपल्या ब्राउझरमध्ये, क्रोम असो की एज, एक पान दाखवायची परवानगी देतो. त्या पानावर ती काहीही छापू शकते. लाल रंग, धावणारे आकडे, सायरनचा आवाज, एखाद्या मोठ्या कंपनीचं चिन्ह, सगळं. पण त्या पानाला आपल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली तपासता येत नाहीत. त्यामुळे "एवढे व्हायरस सापडले" हा जो आकडा दिसतो, तो मोजलेला नसतो, आधीच छापून ठेवलेला असतो. साड्यांच्या सेलमध्ये "फक्त आजचा दिवस" ही पाटी वर्षभर लागलेली असते ना, तसाच. तुमच्याकडे जो आकडा येतो तोच नागपूरच्या बाईकडे येतो आणि अमेरिकेतल्या आजोबांकडेही.

कधी कधी ती खिडकी आपल्या शहराचं नावही दाखवते, मग खात्रीच पटते की ह्यांना सगळं माहीत आहे. नेट कनेक्शनवरून साधारण शहर कुठल्याही साइटला कळतं. आम्हा वसईकरांना तर बऱ्याचदा "मुंबई" दाखवतात, म्हणजे त्यांची माहिती केवढी ते बघा.

आता अडकल्यासारखं का वाटतं? कारण ते पान पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं असतं. वरची फुली दिसत नाही, खालची पट्टी दिसत नाही, माउसचा बाणसुद्धा कधी गायब होतो. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, झाकलेला असतो. डावीकडे वरच्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकी मारून सोडू नका, दाबून धरा. पान लहान होतं आणि फुली दिसायला लागते. नाही झालं तर ऑल्ट धरून एफ४ दाबा, ब्राउझर बंद होतो. तेही नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ब्राउझरच्या नावावर क्लिक करून "एंड टास्क" करा. आणि यातलं काहीच लक्षात राहिलं नाही तर चालू-बंद करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा. ज्या मैत्रिणीने प्लग ओढला तिला घरातले हसले, पण तिघींत तिचंच बरोबर होतं. "बंद केलं तर सगळं जाईल" ही त्या खिडकीतली धमकी आहे, कॉम्प्युटरचा नियम नाही. फार तर जी फाइल तेव्हा उघडी होती तिचं न साठवलेलं काम जाईल.

पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो की आधीची पानं परत उघडू का. तिथे "रिस्टोअर" म्हणायचं नाही, नाहीतर तीच खिडकी पुन्हा हजर.

एवढं सगळं पाठ करायचं नसेल तर एकच खूण ध्यानात ठेवा. सूचनेत फोन नंबर असेल तर ती खोटी. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. कंपनीला आपल्या घरातल्या कॉम्प्युटरची एवढी काळजी असती तर ती फोनची वाट बघत बसली नसती, असं माझे सासरे म्हणतात, आणि हिशेब त्यांचा बरोबर आहे.

गंमत म्हणजे पीसीवरचा पहिला म्हणून ओळखला जाणारा व्हायरस, १९८६चा "ब्रेन", लाहोरच्या दोन भावांनी केला होता आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर खरोखरचे घातले होते. त्यांचं म्हणणं होतं की आपलं सॉफ्टवेअर कोणी चोरून वापरू नये म्हणून ते केलं. आजच्या खिडकीतला नंबर तसा भोळा नाही.

मग तो नंबर लागतो कुठे? इथे मला आपल्याच बाजूची एक जुनी बातमी आठवते. वसई रोडहून चर्चगेटकडे निघालं की नायगाव, खाडीचा पूल, भाईंदर आणि मग मीरा रोड. वीस मिनिटांचा प्रवास. त्या मीरा रोडला ४ ऑक्टोबर २०१६च्या रात्री ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून जास्त मुलामुलींना ताब्यात घेतलं, सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ती मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावत होती. आम्ही तिथल्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता पैसे भरले नाहीत तर पोलीस दारात येतील, असं सांगत होती. घाबरलेले लोक दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड घ्यायचे आणि त्यावरचे आकडे फोनवर वाचून दाखवायचे. पोलिसांनी मुख्य आरोपी म्हणून ज्याचा शोध घेतला तो एप्रिल २०१७मध्ये सापडला, तेव्हा तो पंचविशीच्या आतला होता.

ते प्रकरण कराच्या धमकीचं होतं, लाल खिडकीचं नव्हतं. पण कृती तीच आहे, फोडणी फक्त बदलली. तिथे पोलिसाची भीती, इथे व्हायरसची. तिथे मुलं स्वतः फोन लावायची, इथे आपल्याकडूनच फोन येईल अशी सोय केलेली, म्हणजे जो घाबरला तोच आपणहून चालत येतो. ऑक्टोबर २०२३मध्ये सीबीआयने "ऑपरेशन चक्र-२" नावाने देशभर शहात्तर ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणं अगदी ह्याच धंद्याची होती. मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनने तक्रार केली होती की भारतातली कॉल सेंटरं आमच्या नावाने परदेशातल्या लोकांना, त्यातही म्हाताऱ्यांना, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे" म्हणून लुबाडतात.

म्हणजे फोनच्या दुसऱ्या टोकाला कोणी राक्षस बसलेला नसतो. बारावी किंवा बीकॉम झालेला, इंग्रजी बरं बोलणारा, पहिल्या नोकरीच्या शोधात असलेला मुलगा असतो. आपल्या बिल्डिंगमधला असू शकतो. मीरा रोडच्या प्रकरणात आत काम करणाऱ्या एका मुलानेच अमेरिकेत फोन करून तिथल्या सरकारी लोकांना माहिती द्यायचा प्रयत्न केला होता, असं नंतर तिथल्या वृत्तपत्रात आलं. त्या मुलाला आत काय चाललंय ते कळलं आणि सहन झालं नाही. बाकीच्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पगार वेळेवर येत होता, एवढंच.

म्हणून आयांना माझं एक सांगणं आहे, आणि ते काहींना आवडणार नाही. मुलाला "इंटरनॅशनल कॉल सेंटर"मध्ये रात्रपाळीची नोकरी लागली की आपण पेढे वाटतो, पगार विचारतो, गाडी न्यायला येते का ते विचारतो. काम काय आहे ते विचारत नाही. विचारा. फोन तू करतोस की त्यांचे येतात? स्वतःचं खरं नाव सांगतोस की दुसरं? समोरच्याकडून पैसे कशात घेता? गिफ्ट कार्डमध्ये घेता हे उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी मुलगा घरी बसलेला बरा. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार इथे चांगली, प्रामाणिक कॉल सेंटरंही आहेत, सगळ्यांना एका मापात घालू नका. पण आपण घरात बटाटा-कांदा कुठून आला याची चौकशी करतो, तर पगार कुठून आला याचीही करायला हरकत नाही.

आता तिसऱ्या मैत्रिणीकडे येते. तिच्या परवानगीने लिहितेय, नाव लिहीत नाही.

तिने फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. "मॅडम, घाबरू नका, मी आहे." त्याने तिच्याकडून एक सॉफ्टवेअर डाउनलोड करून घेतलं, एनीडेस्क. हे सॉफ्टवेअर वाईट नाही, ऑफिसात लोक रोज वापरतात. दूर बसलेल्या माणसाला आपला कॉम्प्युटर स्वतःच्या हातात असल्यासारखा चालवता यावा म्हणूनच ते केलेलं आहे. त्यावर जो आकडा येतो तो तिने वाचून दाखवला, आणि माउस आपोआप फिरायला लागला. घराची किल्ली खिडकीतून खाली टाकावी तसं झालं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच ह्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, की चोर लोकांकडून हा आकडा मागून घेतात आणि खाती रिकामी करतात.

मग त्याने तिला एक यादी दाखवली. पिवळे त्रिकोण, लाल खुणा, शेकडो ओळी. "बघा मॅडम, हे सगळे एरर." ही यादी विंडोजमध्ये आधीपासून असते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात, आणि धडधाकट कॉम्प्युटरमध्येही ती अशीच पिवळ्या-लाल खुणांनी भरलेली असते. प्रिंटरचा कागद संपला तरी तिथे नोंद पडू शकते. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट दाखवून एखादा लाल आकडा दाखवला की आपण जशा गप्प होतो, तशी ती गप्प झाली. पाच वर्षांच्या "सुरक्षेचे" पैसे त्याने मागितले. कार्ड नवऱ्याच्या पाकिटात होतं आणि पाकीट दुकानात. एवढ्यावर वाचली. नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली, तर तो गोड मुलगा एकदम ओरडायला लागला. तिने फोन ठेवला.

इथपर्यंतचं मला फारसं गंभीर वाटत नाही. पुढचं वाटतं. तिने नऊ दिवस घरात कोणाला सांगितलं नाही. नऊ दिवस ते सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरमध्ये तसंच होतं. त्याच कॉम्प्युटरवर दुकानाचं टॅली आहे, त्याच कॉम्प्युटरवर नेटबँकिंगचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला आहे. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "ह्यांनी वर्षभर ऐकवलं असतं. मुलांनी व्हॉट्सअॅपवर टाकून हसले असते."

मागच्या वर्षी हिच्याच घरात मोठ्या दिरांचे ऑनलाइन लॉटरीत पैसे गेले होते. तेव्हा सगळे म्हणाले, "होतं असं कधी कधी, व्यापारात चालायचंच." बाईच्या हातून नुसती शक्यता निर्माण झाली तरी तो वर्षभराचा विनोद. हे मी पुरुषांना बोल लावायला लिहीत नाही. आपल्या सासवा, नणंदा, आपल्या शिकलेल्या मुलीसुद्धा यात असतात. "मम्मी, तू ना!" हे वाक्य किती घरांत रोज म्हटलं जातं ते मोजा एकदा.

पाठशाळेत आपल्याला सात भयं शिकवली होती. त्यातलं अकस्मात भय हे त्या लाल खिडकीचं भांडवल. पण तिला नऊ दिवस गप्प ठेवलं ते चोराच्या भीतीने नाही, घरातल्या अपयशाच्या भीतीने.

आणि ह्या गप्प बसण्याची किंमत पैशात मोजता येते, म्हणून जरा नियम सांगते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ला परिपत्रक काढलं. खातेदाराने स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी देऊन टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत झालेलं नुकसान खातेदाराचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ना बँकेची ना खातेदाराची, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदाराला काही सोसावं लागत नाही. म्हणजे ज्या क्षणी आपण फोन उचलून बँकेला सांगतो, त्या क्षणी रेघ ओढली जाते. नऊ दिवस गप्प बसणं म्हणजे नऊ दिवस ती रेघ न ओढणं.

बँकेबरोबर १९३० ह्या नंबरवर फोन करायचा. हा देशभराचा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर ते पुढच्या खात्यांत थांबवायचा प्रयत्न इथून होतो, म्हणून इथे मात्र घाई करायची. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी साइटवरही करता येते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२०पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा पूर्वीसारखं पालघरला धावायची गरज नाही, जवळच्या पोलीस ठाण्यात जाता येतं.

माझ्या मैत्रिणीच्या घरी आम्ही काय केलं तेही सांगते. आधी राउटर बंद केला. मग ते सॉफ्टवेअर काढून टाकलं. नेटबँकिंगचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलले, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही, तिच्या मुलीच्या मोबाइलवरून. चोर अजून आत बसला असेल तर त्याच्यासमोर नवीन कुलूप लावण्यात काय अर्थ? मग विंडोजमध्ये आधीपासूनच असलेली तपासणी लावली. स्टार्टच्या जागी "विंडोज सिक्युरिटी" लिहिलं की ती सापडते, वेगळे पैसे पडत नाहीत. तिच्यात एक "ऑफलाइन स्कॅन" असतो, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साधारण पंधरा मिनिटं तपासत बसतो. काही सापडलं नाही. नंतर तिने नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर मी टॅलीचा पासवर्ड त्याच दिवशी बदलला असता. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या मैत्रिणीची, दार लावून बसलेल्या, गोष्ट वेगळी निघाली. तिच्याकडे खिडकी एकदा नाही, दिवसातून दहादा येत होती. उजव्या कोपऱ्यात खाली छोटे चौकोन, "तुमचं अँटीव्हायरस संपलं", "तीन धोके सापडले". मुलाने तो कॉम्प्युटर स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला. दुकानदाराने व्हायरस आहे म्हणून सगळा फॉरमॅट केला, पैसे घेतले, आणि दोन वर्षांचे फोटो गेले. आठ दिवसांत चौकोन परत आले. येणारच होते, कारण तो व्हायरस नव्हता. कधीतरी एखाद्या साइटने "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं म्हटलं होतं, तिने दाबलं. ती परवानगी होती नोटिफिकेशन पाठवायची. 

क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके आहेत, त्यात सेटिंग्ज, मग "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", त्यात "साइट सेटिंग्ज", त्यात "नोटिफिकेशन्स". तिथे परवानगी दिलेल्या साइटांची यादी असते. ओळखीची नसेल ती प्रत्येक काढून टाका. तिच्या यादीत सतरा नावं होती, एकही तिला माहीत नव्हतं. पाच मिनिटांचं काम. आणि पुढे कुठलीही साइट "अलाउ" विचारेल तर सवयीने "ब्लॉक" म्हणायचं. आपल्याला कोणाची सूचना हवी असते हो? बँक मेसेज पाठवतेच.

ह्या परवानग्या मागणाऱ्या साइटा बहुतेक फुकट डाउनलोडवाल्या असतात. स्तवनं, प्रतिक्रमणाची पुस्तकं, चौघडिया, पंचांग, मेंदीची चित्रं, आपण जे जे शोधतो ते सगळं तिथे असतं, आणि एका पानावर हिरव्या रंगाची चार "डाउनलोड" बटणं असतात. त्यातली तीन जाहिराती. गाणं हवं असेल तर फाइल साधारण एमपी३ असते, पुस्तक पीडीएफ असतं. स्तवनाच्या नावाखाली "ईएक्सई" अशी फाइल उतरली तर ती उघडू नका, ते गाणं नाही, तो प्रोग्राम आहे. चातुर्मासात ह्या साइटांवर आपली गर्दी वाढते हे त्यांनाही कळतं. संस्थेची स्वतःची साइट असेल तर तिथून घ्या, नाहीतर मंडळात कोणाकडे तरी असतंच, पेन ड्राइव्हवर मागा.

खरा व्हायरस नसतोच असं मात्र मी म्हणत नाही. असतो, आणि तो असा ओरडत नाही. २७ जून २०१७ला जगभर एक व्हायरस पसरला. न्हावा-शेवाला जेएनपीटी बंदर आहे, तिथलं एक टर्मिनल त्या दिवशी ठप्प झालं, कारण ते चालवणाऱ्या परदेशी कंपनीचे कॉम्प्युटर जगभर एकाच वेळी बंद पडले. तो आला कसा? युक्रेनमध्ये व्यापारी लोक हिशेबासाठी जे सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या नेहमीच्या अपडेटमधून. ना सायरन, ना लाल खिडकी. सगळं संपल्यावरच पैसे मागणारा मजकूर स्क्रीनवर आला.

आपल्या घरांतून अर्ध्या वसईच्या दुकानांचे हिशेब ठेवले जातात, आणि ते ठेवणाऱ्या बऱ्याचदा आपणच असतो. म्हणून हिशेबाचा बॅकअप आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि ती पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवायची. कॉम्प्युटरला लावून ठेवलेल्या बॅकअपला अर्थ नाही, व्हायरस दोन्ही खातो. फोटोंचंही तेच. फॉरमॅट करणाऱ्या दुकानदारापासूनही हेच वाचवतं.

आणखी एक. १४ ऑक्टोबर २०२५पासून विंडोज १० ला कंपनीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मिळणं बंद झालं. विंडोज ७ चं तर २०२०च्या जानेवारीतच झालं, तरी अजून दोन घरांत मी ते पाहिलंय. अशा जुन्या कॉम्प्युटरवर मुलांनी चित्रं काढावीत, पण बँकेचं काम करू नये. नवीन घ्यायचा की नाही हा खर्चाचा प्रश्न आहे, पण दिवाळीला पडदे बदलायचे की हे, असा प्रश्न आला तर माझं मत पडद्यांच्या विरुद्ध.

विकतचं अँटीव्हायरस घ्यायचं का, असं तिघींनी विचारलं. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील आपल्यातल्या अनेकांकडे आहे, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली ती कंपनी, मला तिचं कौतुक आहे. ज्याचं आधीपासून आहे त्याने चालू ठेवावं. पण कुठलंही अँटीव्हायरस आपल्याला स्वतः फोन करण्यापासून थांबवू शकत नाही. आणि "तुमचं अँटीव्हायरस संपलं" असं सांगणाऱ्या चौकोनावर क्लिक करून कधीच पैसे भरू नका. मुदत खरंच संपली असेल तर ते सॉफ्टवेअर स्वतः उघडून बघा, तारीख तिथे लिहिलेली असते.

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कडेला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: एस्केप दाबून धर. नंबरवर फोन नाही. मग १९३०. आणि सगळ्यात खाली, मुलाच्या अक्षरात, कारण ते मी त्याच्याकडूनच लिहून घेतलं: "मम्मी, मला लगेच सांग, मी हसणार नाही." सही आणि तारखेसह. तुम्हीही आपापल्या घरी लिहून घ्या, नवऱ्याकडूनही घ्या.

नोटिफिकेशनची यादी सापडत नसेल तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून मला पाठवा, मी कुठे क्लिक करायचं ते सांगते. फोटो काढताना मागे बँकेचं पान उघडं नाही ना, एवढं बघा.